मागे चालणारी विनाशिका

नौदलाच्या संग्रहालयात जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्या बाईंना सगळे चिमटाबाई म्हणत. हातात कायम चिमटा आणि बोलणंही चिमटे काढणारं, त्यामुळे नाव दोन्हीकडून बसलं होतं. दुसऱ्या देशाकडून अर्धवट बांधलेलं घेऊन पूर्ण करवलेलं नौदलाचं पहिलं विमानवाहू जहाज, ते आपल्याच गोदीत बांधलेलं आताचं, सगळी त्यांच्या टेबलावरून गेली होती. विनाशिकाही तशाच. आधीच्या तोफांनी भरलेल्या, नंतरच्या क्षेपणास्त्रं मिरवणाऱ्या.

नव्या दालनात मोठ्या काचपेटीत पहिलं विमानवाहू जहाज ठेवायचं ठरलं. बाईंनी ते केलं, देखणंही झालं. पण पेटीत ठेवून पाहिलं आणि त्यांचं मन खट्टू झालं. विमानांची चढउतार चालू असताना हे जहाज कधी एकटं जात नसे. मागे, जरा बाजूला, एक विनाशिका चालायची. विमान समुद्रात पडलं तर होडी सोडून वैमानिकाला उचलायचं, हे तिचं काम. फोटो सगळे पुढच्या जहाजाचे, मागची कुणाच्या खिजगणतीतही नाही.

त्या मागच्या विनाशिकेच्या होडीवर बाईंचा दादा होता. एकदा विमान पडलं, होडी उतरली, अंधार पडेपर्यंत शोध चालला आणि परत फिरायचा हुकूम आला. वैमानिक मिळाला नाही. दादाने पुढे नोकरी पुरी केली, पण जहाजाबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. संग्रहालय घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी तिथे त्याने पाऊल टाकलं नव्हतं. त्याने एकदा येऊन आपलं जहाज पाहावं, एवढंच बाईंना हवं होतं.

"विनाशिका पलीकडच्या दालनात आहेत की," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "या पेटीत जागा कुठे आहे?"

"जागा मी करते."

"पेटी मोठी होणार नाही हं, बाई."

"पेटी राहू द्या. जहाज लहान करते."

साहेबांना थट्टा वाटली. बाईंनी तयार जहाज कपाटावर ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून, निम्म्या मापात करायला घेतलं. निम्म्या मापाची विमानं म्हणजे काय खायचं काम आहे? पंख मोडायचे, मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं.

"तू हट्टाला पेटलीस की कुणाचं ऐकत नाहीस, आई," मुलगी म्हणायची.

"माहीत आहे ना? मग उगाच तोंड कशाला दुखवतेस?"

शेवटी दोन्ही जहाजं पेटीत मावली. विनाशिकेच्या बाजूला होडी उतरलेली, वल्ह्यांवर खलाशी. साहेबांनी पाटीवर दोन्ही जहाजांची नावं घालायला सांगितली. दादा मात्र पाहायला यायला नाही म्हणाला. बाई रोज कामावर जाताना त्याच्या दारात उभ्या राहू लागल्या. एका सकाळी तो चपला घालूनच बाहेर आला.

"चल बाई. तू काही मला सुखाने जगू द्यायची नाहीस."

पेटीची काच अजून बसवायची होती. दादा बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "वैमानिक कुठे आहे?"

"नाही दाखवला." बाई म्हणाल्या. "म्हटलं, तुला त्रास होईल."

"मग होडी कशाला सोडलीय? हवा खायला?"

बाई टेबलाकडे गेल्या. लाकडाच्या कपचीतून माणूस कोरला, रंगवला, वाळवला आणि चिमट्यात धरून निळ्या पाण्यावर नेला. दादाने त्यांचं मनगट धरलं.

"पाण्यात नको. होडीत घे."

"पण दादा, तो तर..."

"तो नाही मिळाला. बाकीचे मिळाले ना! किती जणांना ओढून काढलं आम्ही. कुणी विचारलंच नाही मला. तूसुद्धा नाही."

बाईंना ते फार लागलं, कारण ते खरं होतं. इतकी वर्षं त्याही त्या एकाच दिवसाला धरून बसल्या होत्या. त्यांनी श्वास रोखून वैमानिकाला होडीत, दोन खलाशांच्या मध्ये बसवलं. हात मागे घेणार, तोच दादा म्हणाला,

"कांबळं घाल गं त्याच्या अंगावर. बाहेर काढल्यावर फार कुडकुडतात ती पोरं."