आधी दार, मग घर

आमच्या नव्या घराची अजून एक वीट बसलेली नाही, पण किस्से मात्र दोन मजले चढलेत! आई, अप्पा, आत्या आणि मी कोसाडच्या एका खोलीत राहतो. माझं लग्न ठरलं आणि आम्ही इच्छापोरकडे छोटासा प्लॉट घेतला. त्यात स्वयंपाकघर, हॉल आणि दोन बेडरूम बसतात. एक आई-अप्पांची, एक माझी. आत्या माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे आहे. ती म्हणते, "माझं काय, पडेन हॉलमध्ये." मला ते सलतं, पण जागा आणायची कुठून?

*

कॉन्ट्रॅक्टर जयेशभाई पहिल्यांदा आले. आईचं गुजराती भाजीवाल्यापुरतं. त्यांनी विचारलं, "बेन, केटला ओरडा जोईए?"

गुजरातीत ओरडा म्हणजे खोल्या. आईने अप्पांकडे रागाने पाहिलं. आयुष्य कापडाच्या लूमवर गेल्यामुळे अप्पा हळू बोलले तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.

आई म्हणाली, "नव्या घरात ओरडा अजिबात नको! एकसुद्धा नको!"

जयेशभाई गार. "तो बेन, आखा प्लॉट पर ओटलोज बनावुं?" म्हणजे सगळ्या प्लॉटवर नुसता ओटाच!

*

मग अप्पांनी गोधड्या ठेवायला माळा मागितला. पुढच्या नकाशात हॉलच्या मधोमध जिना!

"हे कशाला?"

"काका, तमे माळ कीधो ने! बीजा माळ पर जवा माटे!"

त्यांच्याकडे माळ म्हणजे आख्खा मजला. त्यांनी वर बाल्कनीसुद्धा काढली होती.

आई म्हणाली, "बाल्कनी राहू द्या. गोधड्यांना हवा लागेल!"

*

आई-अप्पांची बेडरूम जयेशभाईंनी मागे, शांत बाजूला काढली. अप्पा भडकले. "तिथं झोप कशी लागणार? आवाजच नाही!"

मी म्हटलं, त्यात काय, मोबाइलवर लूमचा आवाज लावून देतो. लगेच शोधून लावलाही. अप्पांनी डोळे मिटून मन लावून ऐकलं आणि ताडकन उठले.

"बंद कर तो लूम! धागा तुटलाय!"

*

माझे होणारे सासरे वास्तूवाले. प्लॉटवर उभे राहून त्यांनी मोबाइलमध्ये उत्तर दिशा शोधली. मीही शोधली. त्यांची उत्तर हजीऱ्याकडे, माझी बरोबर उलटी! दोघांनी मोबाइल झटकले, गोल फिरलो, कुणी मागे हटेना. लग्नाआधीच सासऱ्यांना चूक कसं म्हणायचं?

शेवटी आई म्हणाली, "भांडू नका. दोन्हीकडे एकेक खिडकी ठेवू!"

*

गेल्या रविवारी नकाशा पक्का करायचा होता. मी पार्किंग मागितलं, आईने मोठं मोकळं अंगण, अप्पांनी रस्त्याकडची खिडकी. सगळ्यांचा नुसता गोंधळ! जयेशभाई कागद गुंडाळता गुंडाळता दाराशी बसलेल्या आत्याकडे वळले.

"अने फोईबा, तमारे शुं जोईए?"

तुला काय हवं, हे आत्याला आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. ती आधी हसली.

"माले काय जोयजे! खोली नको." मग अप्पांकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊ, एक दार जोयजे. मझारतीन कडी लागनारं."

आतून कडी लागणारं दार! आई पदराशी चाळा करत बसली. मला कुठं बघावं कळेना.

अप्पांनी जयेशभाईंच्या हातातला नकाशा काढून घेतला.

"जयेशभाई, हे रहेवा दो. कोरा कागद घ्या. पहिले हिचं दार काढा. घर मग त्याच्या आजूबाजूला बसवू!"