मथूच्या कागदांचा रुमाल

धारच्या पागेबाहेर आम्ही म्हातारे संध्याकाळी बसतो. पोरंटोरं विचारतात, "आबा, एवढे किस्से तुम्ही गोळा केले कुठून?" गोळा कशाला करायला पाहिजेत? घरात एक पोर आजारी असू द्या, किस्से आपल्या पायांनी चालत येतात. वैद्य येतो, एक ठेवून जातो. शेजारीण येते, दोन ठेवून जाते. उचलून परत नेत मात्र कोणी नाही! मग ते माझ्यासारख्याच्या अंगावर राहतात. मी दोन बुकं शिकलो आणि तिसरं घोड्यानं खाल्लं. लिहिण्यात वाकडंतिकडं झालं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं, मी परत लिहिणार नाही.

हे किस्से माझ्या भाचीचे. मथू तिचं नाव. माझी थोरली बहीण, अक्का, देवासला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिथं कचेरीत कारकून. मथू तिसऱ्या वर्षापर्यंत चारचौघींसारखी वाढली, आणि मग थांबली. थांबली म्हणजे थांबलीच! आठवं लागलं तरी तिसऱ्या वर्षीचं परकर-पोलकं तिला बेताचं व्हायचं. अंगानं तीन वर्षांची, तोंडानं तीस वर्षांची. पुढं तिचं डोकं दुखायला लागलं, आणि मग कडेचं दिसेनासं झालं. समोरचा माणूस दिसायचा, बाजूनं येणारी म्हैस दिसायची नाही.

इंदूरच्या छावणीत एक गोरा डॉक्टर हिवाळ्यापुरता यायचा. दिवाळीनंतर आला की होळीला जायचा. जाणारे डोळे धरून ठेवतो, असा त्याचा बोलबाला. दाजी एकटेच जाऊन चौकशी करून आले. साहेबाचा मुनशी आपल्यातलाच, मराठी. तो म्हणाला, "पोरीला आणा, आणि तिची सगळी हकीकत सांगा."

दाजींनी पोरीला घरी ठेवलं आणि हकीकत गोळा करायला निघाले!

मी तेव्हा देवासलाच मुक्कामाला होतो. म्हणालो, "दाजी, बैल जोडतो, पोरीला घाला गाडीत आणि चला. कागद गेले खड्ड्यात."

"मेव्हणे, कागदाशिवाय दारातनं परत पाठवतात."

"कोण पाठवतं?"

"मी पाठवतो," दाजी म्हणाले. "रोज."

*

कचेरीत कागदांचं बाड ज्या फडक्यात बांधतात त्याला रुमाल म्हणतात. दाजींनी मथूच्या नावानं एक तांबडा रुमाल काढला. त्यात पहिला कागद जन्माचा पाहिजे, म्हणून जोशीबुवांकडं गेलो.

बुवा म्हणाले, "कुठली पत्रिका देऊ?"

"कुठली म्हणजे?" दाजी म्हणाले. "पोरगी एकच आहे."

"पोरगी एक. पत्रिका दोन."

झालं होतं असं, की दाजींच्या आईनं गुपचूप मथूचा जन्म पुढं ढकलून घेतला होता. उंची वाढत नाही ना, मग वय कमी करा! स्थळाची माणसं आली की एवढीशी पोर पाच वर्षांची म्हणून खपून जाईल. बुवांनी सगळे ग्रह उठवून नव्या घरांत बसवून दिले होते.

दाजी ताडकन उठले. "बुवा, अहो हा कागद आहे! आईनं सांगितलं आणि तुम्ही लिहिलंत?"

बुवा अगदी शांत. "खरीत योग बरे नव्हते हो. नवी चांगली उतरली आहे. माझं ऐका, साहेबाला नवीच दाखवा."

त्याच आठवड्यात घरी कोणी पाहुणी आली. तिनं मथूला कौतुकानं विचारलं, "बाळ, वय काय गं तुझं?"

मथूनं आत तोंड करून हाक मारली, "आजी, या घरच्या आहेत की स्थळाच्या?"

*

देवासचं बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातला रस्ता मध्ये. इकडं एक महाराज, पलीकडं दुसरे. मथू जन्मली तेव्हा दाजींचं बिऱ्हाड थोरल्या पातीत होतं, पुढं रस्ता ओलांडून धाकटीत गेलं. म्हणजे पोरीचा अर्धा आजार एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्यात!

जुन्या दवाखान्यातली टिपणं आणायला मी दाजींबरोबर गेलो. तिथला लिहिणारा दाजींचा रोजचा पान खाण्यातला दोस्त. तो म्हणाला, "कागद राज्याबाहेर जाणार, दाजीसाहेब. परराज्याचा मामला आहे. इंदूरच्या इंग्रजांच्या मोठ्या ऑफिसातनं विचारणा यायला पाहिजे."

मी ओरडलो, "अरे भिया, तुझ्या या खिडकीतनं यांचं घर दिसतंय की!"

दाजींनी माझा दंड धरला. "ओरडू नका. बरोबर बोलतोय तो. मीसुद्धा हेच सांगितलं असतं."

रस्ता ओलांडायला कागद इंदूरला गेला! तो फिरून येईपर्यंत संक्रांत होऊन गेली. मथू दारात बसायची. त्या रस्त्यावरनं शेळ्या खुशाल या राज्यातनं त्या राज्यात जायच्या. ती म्हणाली, "मामा, बाबांना सांगा, कागद शेळीच्या गळ्यात बांधा. शेळीला कोणी विचारत नाही."

मी हसलो. तशी तिनं मान वळवून विचारलं, "आत्ता गेल्या त्या शेळ्याच होत्या ना?"

*

माघात अक्का, दाजी आणि मथू माझ्याकडं धारला आली. इथल्या वैद्यांनी तिला पूर्वी मात्रा दिली होती, त्याचं लिहून घ्यायचं होतं. वैद्यबुवा म्हणजे बडं प्रस्थ. कुक्षीपासून लोक यायचे त्यांच्याकडं.

दाजी म्हणाले, "एवढंच लिहा, की औषध दिलं, गुण आला नाही."

"गुण आला नाही असं मी माझ्या हातानं लिहून देऊ? वेड लागलंय का?"

"पण पोर समोर उभी आहे, बुवा. बघा की."

बुवांनी मथूला खालपासून वरपर्यंत पाहिलं. फार वेळ लागलाच नाही. म्हणाले, "औषधाला गुण आला होता. रोग्यानं घेतला नाही."

आणि तसंच लिहून दिलं! दाजींनी वाळू टाकून शाई वाळवली आणि कागद रुमालात ठेवला. मी विचारलं, "असला कागद कशाला ठेवता?"

"सही आहे त्यावर," दाजी म्हणाले.

*

याच मुक्कामातली गोष्ट. दाजी दर दसऱ्याला मथूला भिंतीशी उभी करून कापडाच्या गजानं मोजायचे आणि लिहून ठेवायचे. साहेबाला ताजं माप पाहिजे म्हणून त्यांनी माझ्या शेजारच्या कापडवाल्याचा गज मागून आणला. मोजलं. परत मोजलं. मग दाजींनी गज टाकून अक्काला हाक मारली.

"अगं, ऐकलंस का... तीन बोटं!"

दसऱ्यापेक्षा पोरगी तीन बोटं वाढली होती! अक्का भिंतीशी बसून रडायला लागली. तिला एवढी रडताना मी आमची आई गेली तेव्हासुद्धा पाहिली नव्हती. मी जाऊन पेढे आणले, आळीत घरोघर वाटले. मथूला खांद्यावर घेऊन पागेत फिरवून आणली. घोड्यांची निगा राखणारे सगळे मोतद्दार तिला मुजरे करत होते आणि ती मान हलवून घेत होती.

दिवेलागणीला कापडवाला गज परत न्यायला आला. पेढा तोंडात टाकला, म्हणाला, "काहेका पेढा है, भिया?" मी सांगितलं. त्याचं तोंड चावता चावता थांबलं.

"दाजीसाब, देवास का गज बड़ा रहता है। हमारा धार का तो छोटा है।"

दाजींनी रुमाल सोडला, "वाढ तीन बोटे" खोडलं, आणि खोडल्याच्या शेजारी सही केली. खोडल्याची सही करावी लागते म्हणे.

कोपऱ्यातनं मथू म्हणाली, "बाबा, पेढे परत मागू नका हं लोकांकडनं. मी दोन खाल्लेत."

*

होळीला मी देवासला गेलो होतो. आदल्या दिवशी अक्कानं तोंड सोडलं. "उद्या साहेब जाणार. आजच्या आज पोरीला घेऊन निघा. दारातनं हाकललं तर मी तिथंच बसेन."

दाजी म्हणाले, "पोरीचा फोटो नाही अजून. अर्धवट रुमाल घेऊन गेलो, आणि नाही म्हणाला, तर? एकदा 'नाही' असा शेरा पडला की पुढं कोणी उघडून बघत नाही. तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे."

हा माणूस वाईट नव्हता. हसायला लागलात म्हणून सांगून ठेवतो. पोरीचं डोकं दुखलं की मांडीवर घेऊन पाठ मोडेपर्यंत बसायचा. पण त्याला देवावर विश्वास आठ आणे, आणि कागदावर सोळा आणे.

होळी पेटली. मथूला मी उचलून दाखवली. "दिसते का गं?"

"दिसते. पण अर्धीच पेटलीय."

सगळी पेटली होती.

*

पाऊस संपल्यावर तिघं परत धारला आली, तेव्हा फोटो काढला. फोटोवाला मोठा हौशी. मागं मांडूच्या महालाचा रंगवलेला पडदा. दाजींनी त्याला बजावलं, "पोर जशी आहे तशी उभी कर. शेजारी खुर्ची ठेव, म्हणजे उंची कळेल." तो "हो हो" म्हणाला, आणि उजेड अडतो सांगून आम्हा सगळ्यांना बाहेर बसवलं.

फोटो हातात आला तेव्हा दाजींनी तो उजेडात धरला. फोटोत आठ-नऊ वर्षांची एक उंचेली पोरगी खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून उभी! फोटोवाल्यानं मथूला आपल्या बायकोचा लांब घागरा घातला होता आणि आत स्टूल दिलं होतं.

वर म्हणतो कसा, "बच्ची अच्छी नी लग री थी, भिया। अब देखो, कैसी राजकुमारी!"

दाजी म्हणाले, "फाड तो. दुसरा काढ."

अक्कानं फोटो उचलून पदराखाली घेतला. "दुसरा तुमच्या रुमालाला काढा. हा माझा."

*

दिवाळी झाली, साहेब आला, रुमाल पुरा झाला. खऱ्या वयाची पत्रिका, दोन्ही राज्यांतली टिपणं, वैद्य, मापं, खरा फोटो. दाजींनी सगळं तारीखवार लावलं होतं. उशीएवढं जाड बाड झालं. तोवर मथूचं दिसणं संपलं होतं. उजेड आहे की अंधार, एवढं कळायचं.

मी दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, हाकली. अक्का आली नाही. तिनं फक्त मथूची वेणी घालून दिली.

साहेब उंच, केस पिकलेला. दाजींनी रुमाल टेबलावर ठेवला आणि गाठ सोडायला लागले. साहेबानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. तो थेट मथूकडं आला, तिला उचलून खुर्चीवर बसवलं. दिवा पेटवला. पण पोरीचं तोंड दिव्यापर्यंत येईना. साहेबानं इकडं तिकडं बघितलं, टेबलावरचा रुमाल उचलला, खुर्चीवर ठेवला, आणि मथूला त्यावर बसवलं. आता बरोबर आलं.

मुनशी विचारायला लागला, "दिसायचं कधीपासून बंद झालं?"

दाजी हात पुढं करून म्हणाले, "सगळं त्यात आहे."

"गणपतीपासून," मथू म्हणाली.

"डोकं कुठं दुखतं?"

"त्यात आहे, साहेब. पानं लावलेली आहेत."

"इथं. डोळ्यांच्या मागं," मथू म्हणाली.

साहेबानं दिवा या डोळ्यापाशी नेला, त्या डोळ्यापाशी नेला. तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, हाताचे तळवे बघितले. मग दिवा विझवला आणि मुनशीला काहीतरी बोलला. मुनशी आधी पाणी प्यायला, मग म्हणाला, "साहेब म्हणतात, आता इलाज नाही. गेल्या हिवाळ्यात नुसती पोर आणली असती, तर डोळ्यांसाठी काही करून बघितलं असतं. आता घरी न्या. डोकं दुखेल त्यासाठी औषध देतात."

मी भिंतीकडं तोंड केलं. दाजी खुर्चीच्या पायाशी खाली जमिनीवर बसले, आणि दोन्ही हात जोडले.

"मुनशीजी, साहेबांना विचारा... हे लिहून मिळेल का?"

साहेबानं विचारलं, काय म्हणतोय हा? मुनशीला ते इंग्रजीत सांगता येईना.

रुमालावर बसल्या बसल्या मथूनं मुनशीच्या आवाजाकडं तोंड वळवलं.

"द्या हो लिहून," ती म्हणाली. "त्याशिवाय बाबा उठायचे नाहीत."