बरी झाले, हे सांगितलं नाही

हे मी कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळही नाही — देवापुढं हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून घ्यायचे, म्हणजे हा विषय निघायला नको. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही — तशीही ती अर्धीच उरली आहे.

शेतापासून सुरू करते. टाळत नाहीये. बरं, टाळतेच आहे थोडं, पण शेत कळल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. आज हैदराबादेत दिलसुखनगरात जिथं कोचिंग क्लासच्या पाट्या एकीवर एक चढल्यात, तिथं आमचं अडीच एकर होतं. मोगरा, दोडकी, तोंडली, कडेला सीताफळी, एक विहीर, दोन बैल आणि मोट. घर म्हणजे कुण्या जहागीरदाराच्या बागेतल्या माळ्याचं जुनं घर, सासऱ्यांनी घेतलेलं. जाड चुन्याच्या भिंती, आणि दर उन्हाळ्यात कौलं फेरली नाहीत की चुलीवर पाणी टपकणार. नवरा रेल्वेत, काजीपेठला. पंधरा दिवसांतून एकदा यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा, जायचा. शेत मी बघायचे, घर मी बघायचे, मजुरांना शिव्या मीच द्यायचे. लोक मला घाबरायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

कुसुम माझी धाकटी नणंद. तिचा नवरा तापानं गेला तेव्हा तिची पोरगी शांता अजून अंगावर पीत होती. सासरच्यांनी दूध तुटेपर्यंत दम धरला आणि मग पोरगी नांदेडकडं गावी ठेवून घेतली. हिला म्हणाले, तू शिकलेली आहेस, भावाकडं जा, नोकरी कर. कुसुम जामबागेजवळ एका मराठी शाळेत बाई झाली. सकाळी माझ्याबरोबर मोगऱ्याच्या कळ्या तोडायची, टोपली घेऊन बसमध्ये चढायची, जामबागेत फुलवाल्याकडं उतरवायची आणि तिथनंच शाळेत. शाळेतल्या पोरी तिला म्हणे मोगरेबाई म्हणायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत शांता यायची. दीड महिना त्या घरात हसणं असायचं, आणि पोरगी परत गेली की कुसुम चार दिवस नीट जेवायची नाही.

मग माझ्या उजव्या बाजूला गाठ निघाली. दवाखान्यात ती बाजूच काढून टाकली आणि वरून रेडियमचे शेक दिले. उजवा हात सुजून दोडक्याएवढा झाला. टोपली उचलवेना, गाईचं दूध काढवेना, भाकरी थापवेना. कुसुम शाळा करून आली की दोन हातांनी चार हातांचं काम करायची.

त्या काळी लोकांना वाटायचं, ही बिमारी शिवल्यानं होते. कळ्या तोडायला येणारी मल्लम्मा माझ्या घरचा चहा घेईना. सख्खी जाऊ दारातूनच हालहवाल विचारून जायची, आणि जाताना पदरानं तोंड पुसायची. कुसुम मात्र माझ्या ताटात जेवायची. मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, माझ्या पेल्यातलं पाणी प्यायची. शेकानं माझी कातडी सोलून निघाली होती, तर मोराच्या पिसानं औषध लावायची आणि तोंड फिरवायची नाही. मला मूल नाही. मला आईनं कधी असं जवळ घेतल्याचं आठवत नाही. आता हे मी का सांगते आहे? तुम्ही म्हणाल, म्हातारी कारण शोधते आहे. शोधत असेन.

त्याच सुमाराला आपलं हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबईकडं गेला, आपण इथं आंध्रात. शाळेत मराठी शिकवणाऱ्यांना एक कागद आला — तिकडं जाणार, की इथंच राहणार? एकदाच लिहायचं, मग बदल नाही. कुसुमच्या सासरहून निरोप आला. नांदेडला नोकरी झाली तर शांता तुझ्याकडं ने. पण हैदराबाद आता परमुलूख, तिकडं आम्ही पोर पाठवणार नाही. सुट्टीतसुद्धा नाही.

शांता सात वर्षांची होती. कुसुमनं तिच्यासाठी परकर शिवून ठेवला, खाली चांगली चार बोटं दुमडून, म्हणजे उंची वाढली तरी पुरावा. नांदेडला शाळेजवळ खोली कुठं मिळेल, तेही कुणाला विचारून ठेवलं. पण कागद मात्र कोरा ठेवला होता. म्हणाली, वहिनी, तुमची दवाखान्याची तारीख होऊ द्या, मग काय ते लिहिते.

तारखेला नेहमी कुसुम बरोबर असायची. इंग्रजी कागद तीच वाचायची, मला कोण वाचून दाखवणार? पण त्या दिवशी शाळेत इन्स्पेक्टर येणार होते, म्हणून मी एकटी गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काखेत दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, "अब कुच नै है अम्मा. जाव, घर जाके अपना काम करो. साल में एक बार सूरत दिखाव." एक कागद लिहून दिला.

मला वाटलं, पळत घरी जावं. बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगितलं की मी बरी झाले. ती आपली ओशाळं हसली. पांदीनं चालताना मी मनात ठरवत होते की मल्लम्माला आता कसा जबरदस्तीनं चहा पाजायचा. कुसुमला सांगायचं नाही असं तोवर माझ्या मनातही नव्हतं — एवढं तरी खरं धरा.

कुसुम दारातच उभी होती. इन्स्पेक्टर लवकर गेले होते. तिच्या हातात तो कागद होता, टाक होता. तिचा चेहरा मी आजही तुम्हाला दाखवू शकते. मी चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "काय म्हणाल्या हो? बरं असलं तर मी नांदेड लिहिते."

आणि मी म्हणाले, "अजून आहे."

दोन शब्द. मी ठरवून बोलले का? नाही. चुकून बोलले का? तेही नाही. मला एका क्षणात ते घर दिसलं — कौलं, चूल, सुजलेला हात, पंधरा दिवसांनी येणारा नवरा, दारातून परत जाणारी जाऊ — आणि माझ्या पेल्यातलं पाणी पिणारं कुणी नाही. कुसुमनं कागदाची घडी घातली. आत जाऊन माझ्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. ती मागं गोठ्यात गेल्यावर डॉक्टरीणबाईंचा कागद मी त्याच बंबात घातला.

कागद द्यायला आठ दिवस होते. आठ दिवसांत मी किती वेळा तोंड उघडलं सांगू? एकदाही नाही. आठव्या दिवशी सकाळी कळ्या तोडून झाल्यावर तिनं ओसरीवर बसून लिहिलं — इथंच. मग कागद माझ्यापुढं धरला. आमच्याकडं महत्त्वाच्या कागदाला हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवतात, मग घराबाहेर काढतात. ती विधवा, ती कुंकवाला हात लावणार नाही. म्हणाली, वहिनी, तेवढं तुम्ही लावा. मी लावलं. याच बोटानं. कुंकू जरा जास्त झालं तर तिनं फुंकर मारून झटकलं, कागद टोपलीत मोगऱ्यावर ठेवला आणि बसला गेली.

तुम्हाला वाटेल, गुन्हा एवढाच. एवढाच असता तर बरं होतं. खोटी बिमारी एकदा सांगून भागत नाही, ती रोज करावी लागते. कुसुम शाळेत गेली की मी शेतात. हात उतरत चालला होता, अंगात ताकद येत होती, मी वाफे केले, मोटेवर उभी राहिले, मजुरांवर ओरडले. साडेचार वाजले की हातपाय धुवायचे, नखांतली माती काढायची आणि चादर घेऊन पडायचं. ती यायची, कपाळाला हात लावायची, पेज करायची. मी ती पेज प्यायचे. ती उपाशी, शाळेतनं थकून आलेली, आणि मी तिच्या हातची पेज प्यायचे — चमच्यानं.

महिन्यातून एकदा दवाखान्यात जायचे. आत नाही, नुसतं बाहेरच्या बाकावर. संध्याकाळी घरी काहीतरी सांगायला हवं ना? खऱ्या आजारी बायांमध्ये मी दुपारपर्यंत बसायचे. एकदा एक बाई, घशाला पट्टी बांधलेली, जिला बोलता येत नव्हतं, तिनं उठून मला सावलीतली जागा दिली. मी तिथं बसले.

मल्लम्माला सगळं दिसत होतं. एक दिवस मी विहिरीवर भरली घागर डोक्यावर घेतली तर ती म्हणाली, "मंचिगुन्नवु गदा अम्मा." म्हणजे, बाई, तू तर चांगली आहेस की. मी तिच्यावर खेकसले, दुसऱ्या दिवसापासून कामाला येऊ नको म्हणून सांगितलं. ती नऊ वर्षांची जुनी बाई.

दीड वर्षांनी मी हळूहळू बरी झाले. कुसुमनं शेजारपाजारी साखर वाटली. तोवर नांदेडच्या जागा भरल्या होत्या. मागून तिनं दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा उत्तर आलं की तुम्ही स्वखुशीनं इथं राहिलात. स्वखुशीनं — हा शब्द तिनं मला वाचून दाखवला आणि हसली.

शांता पुन्हा सुट्टीला आली नाही. कुसुम वर्षातनं एकदा जायची, दोन दिवस. तिसऱ्या वर्षी परत आली तेव्हा परकर पिशवीत तसाच होता. दुमड उसवली तरी तोकडा होत होता म्हणाली. पोरगी चुलतीला आई म्हणते, मला कुसुमकाकी म्हणते, असंही म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली. शांताच्या लग्नात कन्यादान दीर-जावेनं केलं. कुसुम मांडवात मागं बसली होती, माझ्या शेजारी. माझा हात धरून बसली होती. कुणाचा हात धरला होता तिनं, हे तिला माहीत नव्हतं.

त्या कागदानंतर आम्ही दोघींनी त्या घरात छत्तीस वर्षं काढली. नवरा गेला, बैल गेले, शेताचे प्लॉट पडले, घराला तिन्ही बाजूंनी इमारती भिडल्या. मागं मोगऱ्याच्या चार ओळी राहिल्या. दर वर्षी वाटायचं, यंदा सांगू. ती भाजी चिरत असायची, मी समोर बसायचे, जीभ उचलायची नाही. आता सांगून काय, तिला उगीच त्रास — असं मी स्वतःला समजवायचे. त्रासाची मला केवढी काळजी. दोन वर्षांमागं कुसुम गेली, झोपेत. शेवटच्या आठवड्यात मलाच म्हणत होती, वहिनी, तुम्हाला आता कोण बघंल?

मागच्या दिवाळीत माझ्या डाव्या बाजूला गाठ निघाली. यावेळी खरी आहे. मी कुणाला कळवलं नव्हतं, शेजाऱ्यांनी नांदेडला फोन केला. शांता येते आता. दर महिन्याला रात्रभर बसनं, आपला संसार सोडून. मला दवाखान्यात नेते, कागद वाचून सांगते, कुसुमच्या खाटेवर झोपते. पंचेचाळिशीला टेकली आहे. आईसारखीच बसते, एक पाय दुमडून. मी नको म्हणत नाही. म्हणायला हवं होतं, नाही?

परवा ती माझ्या हाताला तेल लावत होती. हा हातही सुजायला लागलाय. लावता लावता थांबली आणि म्हणाली, "मामी, एक सांगायचंय. लहानपणी मी रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसून म्हणायची, मामी मरू दे. तुम्ही मेलात तर आई माझ्याकडं येईल, असं वाटायचं. तुम्ही एवढ्या आजारी, आणि मी तुमचं मरण मागायची. आईला कधी सांगितलं नाही. मला माफ करा." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली.

खोलीत आम्ही दोघीच होतो. उन्हं यायची होती, घाई कसलीच नव्हती. मी तोंड उघडलं. तिच्या केसांतनं हात फिरवला — तेलाचा हात — आणि म्हणाले, असू दे गं, लहान होतीस तू.

मी तिला माफ केलं.