नानांचं पहिलं पान

माझ्या वडिलांच्या मावसभावाला कळवल्याशिवाय जगात कुठेही अन्याय होऊ शकत नाही, अशी निदान त्यांची तरी समजूत होती. सगळे त्यांना नाना म्हणत. रावेरला घराच्या ओसरीवर छापखाना मांडून ते लाल मथळ्याचं, चार पानी डावं साप्ताहिक काढत. गाव केळीचं, तेव्हा वाचकाला हवेत केळीचे भाव. ते नानांनी तिसऱ्या पानाच्या तळाशी ढकललेले. पहिल्या पानावर कायम दक्षिण आफ्रिका. तिथे काळ्यांना वेगळी बाकडी, वेगळे दवाखाने, रेल्वेचे वेगळे डबे, आणि खाली नानांचा तिथल्या सरकारला सज्जड इशारा. एकदा एक बागायतदार वैतागून म्हणाले, "नाना, तठलं सरकार तुमचा पेपर वाचते का?" नाना शांतपणे म्हणाले, "वाचत नाही, म्हणून तर असं वागते!" तिथल्या फळांवर बहिष्कार पुकारल्यावर त्यांनी आठवडी बाजारातल्या संत्रेवालीची उलटतपासणी घेतली. ती बिचारी नागपूरच्या शपथा घेत राहिली.

छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला आबा होते, बौद्धवाड्यातले. नानांचं अक्षर फक्त त्यांनाच लागायचं. बाहेरगावचा कार्यकर्ता आला की नाना त्यांची ओळख 'आमचे अर्धे संपादक' अशी करून देत, आणि आबा चष्म्याआडून हसत.

मी तेव्हा कॉलेजसाठी नानांकडेच राहत होते. एका दुपारी लेखाच्या तंद्रीत त्यांनी ओसरीच्या कोनाड्यातला कप उचलला आणि त्यात चहा ओतून घेतला. काकू दारातून ओरडली, "अहो, तो आबांचा!"

"मग वेगळा काहून ठेवला?" नानांनी अगदी भाबडेपणाने विचारलं.

काकू आत निघून गेली. शेवटी आबाच, हातातलं काम न थांबवता म्हणाले, "पहिल्या दिवसापासून तठीच हाय, नाना. तुम्ही आफ्रिकेत होते."

त्या आठवड्यात पहिल्या पानावर मथळा ठरला, 'संपादकाच्या घरात वेगळा कप'. आबांनी तो जुळवायला साफ नकार दिला. "वहिनीची बदनामी माह्या हातून नको," म्हणाले आणि घरी निघून गेले. मग नाना स्वतः बसले. निम्मी अक्षरं उलटी, ओळी तिरप्या, दोष मात्र सगळा स्वतःच्या नावावर. काकूने अबोला धरला, सोयऱ्यांनी नाकं मुरडली. नानांना त्याचं काहीच नव्हतं. ते मला सारखं एकच विचारत, "आबा येतील ना गं?"

आबा चौथ्या दिवशी आले. अंक हातात घेऊन बराच वेळ वाचला. "एक ओळ सरळ नाही. सरका बाजूले," म्हणाले आणि आपल्या जागी बसले. काकूने घरातल्या कपांत सगळ्यांना चहा दिला. नाना तोंड फिरवून रडले.

आता नाना नाहीत, साप्ताहिकही नाही. आबा जळगावला मुलाकडे असतात. मागच्या महिन्यात मी मुद्दाम भेटायला गेले. नानांचं नाव निघताच त्यांचे डोळे भरून आले. "नाना छापून मोकळे झाले," म्हणाले.

नानांना तो कप खरंच कधी दिसला नव्हता. मला दिसत होता. दोन वर्षं रोज त्यात चहा ओतून मीच आबांना देत होते. तेवढंच सांगायला मी गेले होते. सूनबाईने चहा आणला, तो घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि परत आले.