अंगणातले ठसे

सूर्यमाळच्या अलीकडे आमचा पाडा आहे आणि तिथली अंगणवाडी मी चालवते. भर उन्हाळ्यात कुणीतरी अंगणवाडीचं कुलूप तोडून आत ठेवलेली विहिरीची मोटर नेली. पाड्याला पाणी देणारी तेवढीच होती. मोखाड्याहून पोलिसांचा फोन आला, जिल्ह्याच्या श्वानपथकाची कुत्री येतेय, कशाला हात लावू नका.

मी रस्त्यावर जीप बघायला गेले, तेवढ्यात बायकांनी अख्खं अंगण शेणानं सारवून टाकलं. पाहुणे यायचे म्हणजे आमच्याकडे आधी सारवण होतं. तेही जपून ठेवलेलं हंडाभर पाणी घालून. मी भयंकर चिडले. कुत्रीला घेऊन आलेल्या पोलिसानं ओलं अंगण पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चोराच्या पावलांचा वास शेणाखाली गेला होता.

कुत्री मात्र वैतागली नाही. तिनं तुटलेलं कुलूप हुंगलं, ओल्या अंगणात एक फेरी मारली, मग सारवण संपतं तिथून कडेकडेनं जमिनीला नाक लावून फिरत राहिली. करवंदीच्या जाळीपाशी ती थबकली आणि थेट कोरड्या नाल्यात उतरली. मोटर सागाच्या पाल्याखाली दडवलेली होती. कुत्री तिच्याशेजारी शांत बसून राहिली. पुढे चोरही सापडला.

अंगणात तिच्या पंजांचे ठसे तसेच वाळले. पुन्हा सारवायची वेळ आली, तेव्हा मी काही बोलायच्या आत बायकांनी ते ठसे सोडून सारवलं.