जुन्या चुलीला पोतेरं

लग्नानंतरची दोन वर्षं मी खड्ड्यात काढली. थट्टा नव्हं, खराच खड्डा, आमच्याच मळ्यात, पंचगंगेच्या काठाला, पुरुषभर खोल. नवरा म्हणायचा, "माती उकरायला पीएचडी कशाला? जेसीबी लावू का?" घरदार हसायचं. मला हसू यायचं नाही. प्रबंधाची शेवटची मुदतवाढ पावसाआधी संपणार होती आणि प्रबंध झाला तरच पुण्याच्या प्रयोगशाळेतली जागा मिळणार होती. नाहीतर म्हशी, भाकरी, पावणं, परत म्हशी. श्वास कोंडायचा नुसत्या विचारानं.

खड्ड्याच्या भिंतीत थर स्वच्छ दिसायचे. खाली चुनखडीचे खडे असलेली कडक माती, म्हणजे पाऊस आटला होता तेव्हाची. वर पुरांनी आणून टाकलेला मऊ गाळ. तेव्हा ना कारखाने होते ना गाड्या, तरी हवामान आपलं आपण बदललं होतं. पण कधी? ते जळालेलं लाकूड सांगतं. झाड मेलं की त्यातला एक प्रकारचा कार्बन ठरलेल्या गतीनं कमी होत जातो. उरलेला मोजला की काळ कळतो. आणि मे महिन्यात, नेमकी त्या दोन थरांच्या मधे, मला चूल सापडली. भाजून लाल झालेली माती आणि आत ओंजळभर कोळसा. मी खड्ड्यात एकटीच ओरडले.

कोळशाला हात लावला नाही. माझे मार्गदर्शक सर उद्या येणार, जागेवर बघणार, फोटो काढणार, मगच तो चिमट्यानं उचलायचा. ताजं शेण, मुळं, काहीही चिकटलं तर तारीख बिघडते. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात.

"आत्ती, चूल घावली! हजारो वर्षांची असंल. उद्या सर बघायला येणार."

"व्हय? मग जेवायला काय करायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

सकाळी सरांना घेऊन खड्ड्यात उतरले. चुलीला शेणामातीचं ओलं पोतेरं फिरवलेलं. वर हळदकुंकवाची बोटं. कोळशाचा कण नाही.

काठावर आत्ती डोक्यावर पदर घेऊन उभ्या. "पावणं बघायला येणार आन् चूल तशीच राखंनं भरलेली? कुणाची का असंना, बाईमाणसाची चूल हाय. पहाटंच येऊन पुसली की."

"आतला कोळसा कुठाय?"

"उकिरड्यात. आपल्या चुलीच्या राखंसंगट."

सरांनी चाकूनं खरवडून बघितलं. खाली नुसती लाल माती. तिचंही वय काढता येतं, पण ते करणाऱ्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांची रांग. माझा नंबर लागला होता तो कोळशासाठी, तोही एकाच नमुन्याचा. सर जेवले, भाकरीचं कौतुक केलं आणि जाता जाता हळूच म्हणाले, "तारखेशिवाय हा थर म्हणजे नुसती माती हो."

सर गेले आणि मी आत्तींवर तुटून पडले. बोलू नये ते बोलले. "जन्मभर चुली पुसल्या, आता माझं नशीबबी पुसलंसा! ह्या घरात गाडा मला एकदाची!" त्यांनी चाळण घेतली आणि उकिरड्याकडं गेल्या.

दिवस कलताना त्यांनी माझ्यापुढं सूप ठेवलं. कोळशाचे तुकडे, धुऊन वाळवलेले.

"ह्यातला तुझा कुठला, वळख. शिकलीयास न्हवं?"

मी एकेक तुकडा उचलून बघितला. कुठला परवाच्या भाकरीचा, कुठला त्या पुराआधीचा, काही कळेना. काळा तो काळाच. इतकी वर्षं हेच शिकले आणि डोळ्यांना काडीचा फरक दिसत नव्हता. आणि दिसला असता तरी उकिरड्यातला कोळसा कोण मान्य करणार? संपलं होतं. खड्ड्यात बसूनसुद्धा कधी वाटलं नव्हतं एवढं कोंडल्यासारखं झालं.

आत्ती माझ्या तोंडाकडं बघत होत्या. नखांत शेण, कपाळ उन्हानं भाजलेलं.

"घावला का गं?"

"घावला, आत्ती."

त्या मटकन खाली बसल्या. "सुटले बाई. माझ्या हातनं तुझं वाटोळं झालं आसतं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आता जा तू पुण्याला. माझ्या पोराला मी सांगते. आमचा जलम गेला हितं, तू नगं ऱ्हाऊस."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर त्यांनी माळ्यावरची माझी बॅग उतरवून, उघडून, अंगणात उन्हाला ठेवली होती.