नऊ नंबरचा देव

सातपूरच्या कारखान्यात वाल्मीक प्रेसवर होता, तेव्हा त्याचं काम एकच. लोखंडी पट्टी घ्यायची, डायच्या साच्यावर ठेवायची, पायाने पॅडल दाबायचं, भोकं पडली की पट्टी बाजूला टाकायची. ती पट्टी पुढे कुठे जायची, कशाला लागायची, हे त्याला कधी कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही. चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात पॅडल न दाबताच प्रेस खाली आली आणि पट्टीबरोबर त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली.

कंपनीने त्याला स्टोअरला बसवलं. नोकरी राहिली म्हणून त्याच्या बायकोने, छायाने, कालिकेची ओटी भरली. पण माणूस काही पहिल्यासारखा राहिला नाही. उजवा हात जो पँटच्या खिशात गेला तो बाहेर येईना. जेवायला डावा, दाराची कडी काढायला डावा, देवाला नमस्कारसुद्धा नुसती मान वाकवून. दसऱ्याला त्याची आई चिमणाबाई सिन्नरकडच्या गावाहून आली होती. संध्याकाळी त्याने तिला आपट्याचं पान दिलं तेही डाव्या हाताने.

"आरं, डाव्या हातानं सोनं देत्यात व्हय?"

त्याचा उजवा हात खिशातच. म्हातारीने पान घेतलं, डोळ्यांना लावलं आणि पदर तोंडावर घेऊन आत गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेल्या बोटांना बारीक काम द्या, नाहीतर आखडतील. छायाने आधी तांदूळ निवडायला दिले. सिडकोतली घरं एकमेकांना चिकटून, दार उघडं असलं की सगळ्यांना सगळं दिसतं. शेजारच्या विमलाबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, सूप ह्यांच्या हातात का? मग आता पापड लाटायलाही ह्यांनाच बोलवते!" त्या हसल्या, त्यांच्या पोटात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून वाल्मीकने सुपाला हात लावला नाही.

मग एकदा छाया रविवार कारंजावरून येत होती. रतनशेठच्या खेळण्यांच्या दुकानात काचेमागे एक खोकं उघडून मांडलेलं होतं. भोकं पाडलेल्या रंगीत लोखंडी पट्ट्या, इवलाले नटबोल्ट, बोटाएवढा पाना. वर नाव 'शिल्पी, नंबर एक'. छाया उभी राहिली. तिच्या मनात आलं, ह्या तर ह्यांच्याच पट्ट्या!

छायाने आणलेलं खोकं वाल्मीकने पाहिलं आणि तो अपघातानंतर पहिल्यांदा हसला. "सात वर्षांपुढील मुलांसाठी लिहिलंय. मी बसतो का त्यात?"

बसला. पहिल्या दिवशी एकही नट धरता आला नाही. नट निसटायचा, फरशीवर टिंग वाजायचा, कपाटाखाली जायचा. मुलगी संजना आडवी पडून झाडूच्या काडीने तो काढून द्यायची. आठवडाभराने एक सी-सॉ उभा राहिला, मग ढकलगाडी. जिन्नस उभा राहिला की तो त्याच्याकडे बघत बसायचा. पट्टी कुठे जाते ते त्याला आता कळत होतं.

"बाबा, हे माझ्यासाठी आणलंय ना?" संजनाने विचारलं.

"तुझंच आहे. मी फक्त जोडून देतो."

"मग मला हात का नाही लावू देत?"

एकामागून एक नंबर घरात आले. ज्या वर्षी चार नंबरची पवनचक्की फिरली, त्या दसऱ्याला चिमणाबाईसमोर उजवा हात खिशातून बाहेर आला. अंगठा आणि दोन बोटं, त्यांच्या चिमटीत आपट्याचं पान. म्हातारीने पान घ्यायच्या आधी तो हातच धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

प्रत्येक खोक्याच्या पाठीमागे नऊ नंबरचं चित्र असायचं. बंदरावरची क्रेन, चावीची मोटर, आकडा आपोआप वर-खाली जाणारा. त्यातले स्क्रू मोहरीसारखे. वाल्मीक ते चित्र छायाला दाखवायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "नऊ नंबर झाला की हात झाला." छायाला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण हे वाक्य तिला पाठ झालं होतं. देवापुढे दिवा लावताना तीही तेच मागायची.

आणि तोच मिळेना.

शिल्पीची कंपनी नऊ नंबर फक्त दिवाळीच्या आधी काढायची, तोही मोजका. पहिल्या वर्षी रतनशेठ म्हणाले, "आत्ताच गेला हो. तुम्ही सीबीएस स्टँडवर उतरला असाल तेव्हा इथे होता." दुसऱ्या वर्षी वाल्मीक अर्ध्या दिवसाची रजा टाकून शटर उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला. तिथे आणखी दोघं उभे होते, एक कॉलेजात शिकवणारे सर आणि एक दातांचे डॉक्टर. तिघंही नऊ नंबरवाले. शटर वर गेलं, पार्सल फुटलं, आत नऊ नंबर एकच. तो डॉक्टरांना गेला, कारण रतनशेठच्या कवळीचं माप त्यांच्याकडे होतं.

"पुढच्या जन्मी दातांचे डॉक्टर होऊ तेव्हा बघू," सर वाल्मीकला म्हणाले, "तोवर आपण रांगेतच."

पुढच्या वर्षी रतनशेठने अट घातली की नऊ नंबर हवा तर बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि न खपलेल्या बाहुल्याही उचलायच्या. वाल्मीकने उचलल्या. नऊ नंबर पुढच्या पार्सलात येणार होता, तो आलाच नाही. बाहुल्या संजनाने वर्गात वाटल्या. नंतर कळलं की मुंबईचा कोणी माणूस गाडी घेऊन येतो, गावोगावचे नऊ नंबर मागच्या दाराने उचलतो आणि घरी बसून दामदुपटीने विकतो. खेळायला नव्हे, विकायलाच. सर चिडून दुकानात ओरडले. रतनशेठने शांतपणे गल्ल्यावरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळली आणि म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी कोणाचं तोंड बघून माल देत नाही."

वाल्मीक ओरडला नाही. त्याने आठ नंबर पुन्हा सोडला, पुन्हा जोडला. विमलाबाई छायाला म्हणाल्या, "ह्यांना आता एक खुळखुळा आणून द्या, तोही जोडतील." छायाने हसून घेतलं आणि आत येऊन गॅस उगाचच मोठा केला.

दोन हजार एक साल उजाडेपर्यंत दुकानांत चीनची बॅटरीवाली खेळणी भरली होती. शिल्पीची कंपनी बंद पडली अशी बातमी सरांनीच आणली. वाल्मीकचा चेहरा त्या दिवशी असा झाला की छायाला वाटलं, कंपनीतून काढलं की काय. त्यानंतर नवरात्राच्या दिवसांत रतनशेठचा निरोप आला की शेवटचा एक पीस आहे, लगेच या.

खोकं मोठं, जड, चारी बाजूंनी प्लॅस्टिकचं सील. वाल्मीकने कानाशी हलवलं. आत जड काहीतरी सरकलं. मोटर!

"इथेच उघडून बघू का?"

"गर्दी बघताय ना नवरात्राची?" रतनशेठ म्हणाले. "घरी नेऊन बघा निवांत. फक्त एक, सील फोडलं की माल तुमचा. परत घेणार नाही."

खरं तर वाल्मीकलाही तिथे उघडायचं नव्हतं. दोन दिवसांवर दसरा होता, साडेतीन मुहूर्तांतला एक. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सील सकाळी आंघोळ करून, देवाला सांगून, आपल्याच हाताने फोडायचं असं त्याने ठरवून टाकलं होतं. लूनाच्या पुढे खोकं ठेवून, दोन्ही गुडघ्यांत धरून तो घरी आला. चिमणाबाई आदल्या दिवशीच आली होती.

"काय आणलं रं एवढं?"

"यंत्र आहे, आई. हत्यारं आहेत त्यात."

म्हातारीला समजेल असं काही सांगायचं म्हणून तो एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात मशिनची पूजा होती. जिने बोटं घेतली त्या प्रेसलाही दरवर्षीसारखा झेंडूचा हार पडला. वाल्मीकने प्रसादाचा पुडा घेतला आणि संध्याकाळी घरी आला. दारातच चिमणाबाई उभी होती, नवी साडी, कपाळभर कुंकू.

"ये. तुझी समदी पूजा केली बघ!"

खोलीत पाटावर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर विळी, कात्री, छायाच्या शिवणयंत्राचं चाक, वाल्मीकचे जुने पाने. आणि त्यांच्यापुढे ओळीने मांडलेल्या शिल्पीच्या पट्ट्या, चाकं, आकडा, बोटाएवढा पाना. प्रत्येकाला ओल्या हळदीकुंकवाची बोटं. सील कात्रीने नीट कापून, घडी करून बाजूला ठेवलेलं.

छाया देवळात गेली होती, ती त्याच वेळी मागून आली. तिने पाहिलं आणि पूजेचं तबक तिच्या हातातच राहिलं. "आई, अहो, ते उघडायचं नव्हतं…"

"आगं, हत्यारं म्हणाला ना त्यो? झाकल्या हत्याराला कुकू कसं लावायचं? खोक्याला लावू का?" म्हातारी हसली. "वरीसभराचा सण. हत्याराला इसरलं तर हत्यार आपल्याला इसरतं का नाय? एकदा इसरलं तवा काय झालं, पायलंस ना."

अपघाताच्या आदल्या वर्षी म्हातारी आजारी होती, दसऱ्याला आली नव्हती, घरात हत्यारांची पूजा राहून गेली होती. सात वर्षं ती हे मनात धरून होती, हे वाल्मीकला आज कळलं. तो खाली बसला, पाटाला हात जोडले. दोन्ही हात जोडले. म्हणाला, "छान मांडलंय, आई."

मग तो शोधू लागला. मोहरीएवढे स्क्रू कुठे दिसेनात. होते ते एक नंबरातले जाडे बोल्ट, काही गंजलेले. पट्ट्या दोन-तीन वेगळ्या रंगांच्या, जुन्या, वाकवून सरळ केलेल्या.

"आई, ह्यात एक जड वस्तू होती. मोटर."

"हाय की. त्यो काय, मधी. कागदात गुंडाळलेला व्हता. म्या वळखलं, यंत्राचा देव आसंल. त्याला तांदळावर बसवला."

तांदळाच्या राशीवर एक काळा दगड होता. गोदाकाठी मिळतो तसा, गुळगुळीत, मुठीएवढा. त्याला गंध, अक्षता, झेंडूचं फूल.

चिमणाबाई त्याच्याकडे बघत होती. छायाही. वाल्मीकने दगडाकडे पाहिलं, मग आईकडे.

"हो," तो म्हणाला, "तोच."

दसऱ्याला दुकान उघडं होतं. वाल्मीक सकाळीच खोकं घेऊन गेला. दगड तेवढा त्याने घरीच ठेवला होता. रतनशेठने पट्ट्या बोटाने सारून पाहिल्या.

"सील शाबूत होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग? मुंबईहून जसं आलं तसं मी दिलं. आत काय ते मी कसं सांगू? आणि घरी काय काढलं, काय घातलं, ते तुम्हालाच माहीत."

"मी खोटं बोलतोय का?"

"मी कुठे तसं म्हणतो? पण हे बघा ना." त्यांनी कुंकू लागलेली एक पट्टी उचलून दुकानातल्या गिऱ्हाइकांना दिसेल अशी धरली. "पूजा झालेला माल! देवाला वाहिलेलं कोणी परत घेतं का? पाप लागेल मला."

एक-दोन माणसं हसली. सर योगायोगाने दुकानात होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, "शेठ, हा मालच बनावट आहे, दिसत नाही का?" पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता. त्यांची नजर खोक्यावरच्या क्रेनच्या चित्रावर होती. वाल्मीकच्या लक्षात आलं, हा पीस स्वतःला मिळाला नाही म्हणून सरांना आतून सुटल्यासारखं वाटतंय. त्याने पट्ट्या गोळा केल्या, तळहातावर कुंकू उतरलं. खोकं बगलेत धरून तो बाहेर आला. उजवा हात त्याने कधी खिशात घातला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

संध्याकाळी चिमणाबाई पाटावर बसून वाट बघत होती. वाल्मीकने आपट्याचं पान पुढे केलं. डाव्या हाताने.

म्हातारीने हाताकडे पाहिलं, मग खिशाकडे. "यंतर चालंना व्हय रं?"

"चालतंय, आई."

तिने पान घेतलं. दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या एसटीत बसताना तिने छायाला एवढंच बजावलं, "त्या देवाला रोज पाणी घाल गं. पुजलेला हाय, आता टाकायचा नसतो."

म्हातारी गेल्यावर छायाने एकदा विचारलं, "गोदेत सोडून येऊ का तो दगड?"

"राहू दे," वाल्मीक म्हणाला. "आईने पुजलाय."

आठ नंबरपर्यंतची खोकी माळ्यावर गेली. पुढच्या खंडेनवमीला छायाने पाट मांडला, विळी ठेवली, कात्री ठेवली आणि त्याच्या पान्यांसाठी जागा सोडून थांबली. तो उठला नाही. ती जागा तशीच ठेवून तिने हळदीकुंकू वाहिलं. सकाळी देवांना आंघोळ घालताना बाळकृष्णानंतर त्या काळ्या दगडाचा नंबर येतो. छाया त्याला पाणी घालते, पुसते, गंध लावते. काय मागायचं ते मात्र तिला आता सुचत नाही.